कोण कोणासाठी थांबतं?

१९७५ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं हलला नाही. प्रोजेक्टर सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर टाकायचा. सगळी आधी काढलेली, धुतलेली, रिळात गुंडाळलेली. पुढे काय येणार हे यंत्राला कळायची गरज नव्हती. ते प्रेक्षकांना पाठ होतं.

आज त्याच रस्त्यावर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडची पोरं मोबाइलवर एक यादी उघडून दुकानादुकानांतून फिरतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र अजूनही लॅमिंग्टन रोडच. यादीत सात-आठ वस्तू असतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, जमलं तर मॉनिटर. त्या घरी नेऊन जोडल्या की जे यंत्र तयार होतं, ते सेकंदाला ६० चित्रं दाखवतं आणि त्यातलं एकही आधी कुणी काढलेलं नसतं. खेळणाऱ्याने माउस बोटभर डावीकडे सरकवला की भिंत कुठून दिसेल, तिच्यावर ऊन कसं पडेल, मागच्या माणसाची सावली किती लांबेल, हे सगळं त्या क्षणी नव्याने मोजलं जातं, रंगवलं जातं आणि लगेच टाकूनही दिलं जातं. एका चित्राला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या पाचपट तरी वेळ लागतो.

बजेट गेमिंग पीसीची सगळी गंमत या १६.७ मिलिसेकंदांत आहे. पैसे कमी असले की कोणता भाग चांगला घ्यायचा आणि कुठे हात आखडायचा, असं आपण विचारतो. पण आतल्या भागांच्या बाजूने बघितलं तर प्रश्न वेगळा दिसतो. तिथे प्रत्येक जण दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत असतो. पैसे देऊन आपण फक्त एवढंच ठरवतो की कोणी कोणासाठी किती वेळ थांबायचं.

आधी चित्राचा हिशेब करू. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. सेकंदाला ६० चित्रं म्हटली की दर सेकंदाला साधारण साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. हे काम प्रोसेसरच्या हातचं नाही. तो हुशार असतो, पण त्याच्याकडे माणसं मोजकी. एएमडीच्या रायझन ५ ५६०० या बजेटवाल्यांच्या लाडक्या प्रोसेसरात सहा कोअर आहेत. याउलट रेडिऑन आरएक्स ६६०० या मध्यम ग्राफिक कार्डात १,७९२ छोटी गणितं करणारी एककं आहेत. एकेकटं फारसं हुशार नाही, पण ठिपक्यांचं काम असं आहे की बहुतेक वेळा एका ठिपक्याला शेजारचा काय करतोय ते विचारावं लागत नाही. त्यामुळे काम वाटून टाकता येतं.

या कार्डाच्या चिपचा आकार २३७ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर बाजूचा चौकोन. त्यात १,१०६ कोटी ट्रान्झिस्टर बसवले आहेत. कागदावर त्याची क्षमता सेकंदाला जवळपास ८.९ लाख कोटी आकडेमोडी. आता हा आकडा आपल्या साडेबारा कोटी ठिपक्यांत वाटा. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला, प्रत्येक चित्रात, सत्तर हजारांहून जास्त आकडेमोडी येतात. शाळेतला मुलगा सेकंदाला एक गुणाकार न चुकता करत बसला, तर एका ठिपक्याला त्याला सुमारे २० तास लागतील. पडद्यावर असे वीस लाख ठिपके, आणि सेकंदात साठ वेळा. खरं तर प्रत्यक्षात ही पूर्ण क्षमता कधीच वापरली जात नाही, कारण ही हजारो एककंसुद्धा बराच वेळ हात बांधून उभी असतात. कशासाठी? मेमरीतून माल यायचा असतो म्हणून.

हे थांबणं किती मोठं असतं ते प्रोसेसरमध्ये जास्त स्पष्ट दिसतं. रायझन ५६०० जोरात असताना सेकंदाला ४४० कोटी ठोके घेतो. एका ठोक्याच्या वेळात प्रकाश जेमतेम ७ सेंटिमीटर जातो, आणि मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषेतून विजेचा संदेश त्याच्या निम्म्यानेच. प्रोसेसरपासून रॅमचा स्लॉट चार बोटांवर दिसतो, पण प्रोसेसरच्या मोजणीत ते अंतर फार आहे, आणि त्यावर रॅमला आतून माहिती शोधून काढायला वेळ लागतो तो वेगळाच.

समजा, हा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. प्रोसेसरच्या अगदी खिशातली मेमरी, म्हणजे एल-वन कॅश, चार सेकंदांत उत्तर देते. त्यामागची एल-थ्री कॅश पाऊण मिनिट घेते. रॅमपर्यंत जावं लागलं तर साडेपाच मिनिटं, म्हणजे बोरिवलीला गाडीत चढून कांदिवलीला उतरण्याइतका वेळ. एनव्हीएमई एसएसडीकडे काही मागितलं तर तीन दिवस. आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्ककडे मागितलं तर दीड वर्षाहून जास्त. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा मारायलाच ८.३ मिलिसेकंद लागतात. आपल्या चित्राचा निम्मा वेळ तिथेच संपला. हार्ड डिस्कवर टाकलेला गेम नव्या इलाख्यात शिरताना मध्येच गचका का खातो, ते यातून कळतं. म्हणून बजेट कितीही ताणलेलं असो, पहिली डिस्क एसएसडीच. साठवणीला मग जुनी हार्ड डिस्क खुशाल लावा, लग्नाचे व्हिडिओ काही घाईत नसतात.

चार सेकंदांवरच्या त्या एल-वन कॅशबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे घरी बांधलेल्या संगणकाचा इतिहास लॅमिंग्टन रोडपासून फार लांब नाही. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक नावाचा संगणक तयार झाला. १९६० साली तो पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच लोखंडी रॅकमध्ये बसवलेला. त्याची फेराइट कोअर मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिट, म्हणजे आजच्या मापात सुमारे १० किलोबाइट. रायझन ५६०० मधल्या सहांपैकी एकाच कोअरच्या खिशातली माहितीची एल-वन कॅश ३२ किलोबाइटची आहे. देशाच्या शास्त्रज्ञांनी ज्याच्यासाठी रांग लावली, त्या यंत्राच्या तिप्पट स्मृती, एका कोअरला, फक्त ‘जवळ असावं’ म्हणून. तीसुद्धा पुरत नाही, ही त्यातली मजा.

दुसरं उदाहरण पुण्याचं आणि ते बजेटवाल्यांना जास्त जवळचं आहे. १९९१ मध्ये सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० महासंगणक उभा केला, तो बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून. एकेक चिप महासंगणकाच्या लायकीची नव्हती. कौशल्य होतं ते त्यांना एकमेकांसाठी कमीत कमी ताटकळत ठेवण्यात. पैसा मोजका आणि सुटे भाग बाजारातले, हे आपल्या यादीवाल्या पोरालाही लागू आहे.

तर, यादी. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बजेट बोला. माझ्या मते पहिला प्रश्न हा असायला हवा की मॉनिटर कोणता आणि गेम कोणते. कारण पडद्यावरचे ठिपके वाढवले की भार ग्राफिक कार्डावर पडतो, आणि सेकंदाला चित्रं जास्त हवी झाली की प्रोसेसरवरही पडतो. प्रत्येक चित्राआधी प्रोसेसरला जगाचा हिशेब करून द्यावा लागतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडं की बंद. तो झाल्याशिवाय कार्ड रंगवणार काय? १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर त्याला एका चित्रासाठी ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला, जिथे चित्र साधं पण चपळाई महत्त्वाची, तिथे प्रोसेसर आणि रॅम जपून घ्यावी लागते. सायबरपंक २०७७ सारखा ओल्या रस्त्यांवर निऑन दिवे चमकवणारा गेम खेळायचा तर पैसे कार्डात गेले पाहिजेत. फुल एचडीवरून फोर-के मॉनिटरवर उडी मारली की ठिपके बरोबर चौपट होतात. पन्नास-साठ हजारांत यंत्र बांधणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

माझा मुलुंडचा भाचा यादी घेऊन आला तेव्हा त्याची विभागणी नेहमीचीच होती.

“मामा, प्रोसेसर मोठा घेतला ना, की दहा वर्षं बघायला नको.”

“आणि कार्ड?”

“कार्ड नंतर घेऊ. आत्ता छोटं चालेल. पण कॅबिनेट काचेचं हवं, आतून लाइट्स दिसले पाहिजेत.”

त्याच्या यादीप्रमाणे गेलं असतं तर महागडा प्रोसेसर आपलं काम चार मिलिसेकंदांत उरकून बाकीचा वेळ कार्डाच्या तोंडाकडे बघत बसला असता. लाइट्सनी वेग वाढत नाही हे त्याला पटलं नाही. आतेभावाच्या पीसीत ते होते, तिथे वादच संपला. शेवटी तडजोड अशी झाली की पन्नास हजारांतले वीसच्या आसपास कार्डाला, दहा-अकरा प्रोसेसरला, लाइट्सवाले पंखे वाढदिवसाला.

आधीच पीसी असेल आणि नेमकं काय बदलावं कळत नसेल, तर एक फुकटची परीक्षा आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन मुद्दाम खाली आणा. सेकंदाला मिळणारी चित्रं धाडकन वाढली तर अडवणारं कार्ड होतं. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड आधीच रिकामं बसलंय आणि प्रोसेसर त्याला ताटकळत ठेवतोय. दुकानात जायच्या आधी ही दोन मिनिटं घालवली तर कित्येकांचे दहा-पंधरा हजार वाचतील.

रॅमच्या बाबतीत एक स्वस्त युक्ती आहे, जी अजूनही निम्म्या असेंबल्ड पीसींत पाळलेली दिसत नाही. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. मदरबोर्डवरून प्रोसेसरकडे रॅमचे दोन स्वतंत्र रस्ते जातात. डीडीआर४-३२०० च्या एका रस्त्यावरून सेकंदाला २५.६ गिगाबाइट जातात, दोन्ही वापरले तर ५१.२. एकच पट्टी लावली की दुसरा रस्ता बांधून तयार, आणि रिकामा. रायझन ५ ५६००जी सारखा, पोटातच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन कार्डाचे पैसे तूर्त वाचवणाऱ्यांना तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे चित्र रंगवणाऱ्यालाही याच रॅमवर भागवावं लागतं. पट्ट्या कोणत्या दोन स्लॉटमध्ये बसवायच्या ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

कार्डाला स्वतःची मेमरी असते आणि तिचा हिशेब वेगळाच. फुल एचडीचं एक चित्र साठवायला ८ मेगाबाइट पुरतात, मग ८ गिगाबाइट कशाला? कारण भिंतीची वीट, झाडाची साल, माणसाच्या गालावरची खळी, हे सगळं चित्ररूपाने तिथे हजर ठेवावं लागतं. ४,०९६ ठिपके रुंद आणि तितक्याच उंच अशा एका पोताला, न दाबता ठेवलं तर, ६७ मेगाबाइट लागतात. असे शेकडो. आरएक्स ६६०० ला आपल्या ८ जीबी मेमरीतून सेकंदाला २२४ गिगाबाइट खेचता येतात. पण ती भरून वाहू लागली की जास्तीचं सामान मुख्य रॅममधून, मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून आणावं लागतं, आणि तिथला वेग सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट. चौदापट हळू. त्यात एक खोच अशी की हे कार्ड स्लॉटच्या सोळापैकी आठच पदर वापरतं. जुन्या बी४५० मदरबोर्डवर लावलं, ज्याचा हा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, तर हा रस्ता आणखी अर्धा होतो. गेम मेमरीत मावला तर काही बिघडत नाही. मावला नाही तर चित्र गचके खातं आणि आपण उगाच इंटरनेटला शिव्या घालतो.

मदरबोर्डबद्दल थोडक्यात. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ पासूनचं, म्हणून त्यात स्वस्त आणि वापरलेला माल भरपूर; एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, पण पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहतो. जुन्या साठ्यातला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल तर बायॉस अपडेट करावं लागतं. ते दुकानातच करून घ्या.

आता ज्या भागावर सगळ्यात कमी बोललं जातं त्यावर जरा जास्त बोलतो. एसएमपीएस. कित्येक स्वस्त कॅबिनेटमध्ये तो ‘फुकट’ बसवून येतो, वर ४५० वॉटचं स्टिकर. उपनगरात भिंतीतून २३० व्होल्टची एसी वीज येते, मग बिल अदानीचं असो, टाटाचं असो की भांडुप-मुलुंडकडे महावितरणचं. ती सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होत असते. आतल्या चिपना हवी असते १२ व्होल्टची, सरळ, न डगमगणारी डीसी. पुढे त्याचंही मदरबोर्डवर आणि कार्डावर जेमतेम एक-सव्वा व्होल्ट केलं जातं. १३२ वॉटचं कार्ड १२ व्होल्टवर चालवायचं म्हणजे ११ अँपिअर प्रवाह. तोही एकसारखा नाही. स्फोटाचं दृश्य आलं की मिलिसेकंदात मागणी उसळते, मेनू उघडला की कोसळते.

पावसाळ्यात दिवे क्षणभर मिचकतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंखा जरा मंदावतो आणि पूर्ववत होतो. त्या क्षणी चांगला एसएमपीएस काय करतो? त्याच्या आत एक जाडजूड कपॅसिटर असतो, सुमारे चारशे व्होल्टपर्यंत भरलेला. बाहेरून वीज गेली तरी तेवढ्या साठ्यावर यंत्र थोडा वेळ चालतं. एटीएक्स मानकाची अपेक्षा साधारण १६ मिलिसेकंदांची आहे. योगायोग बघा, जवळजवळ एका चित्राचा वेळ. एवढ्या काळात वीज परत आली तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हलक्या एसएमपीएसमध्ये पहिली काटकसर याच कपॅसिटरवर होते, मग दिवे मिचकले की पीसी बंद, आणि अर्धवट लिहिलेली सेव्ह फाइल गेली. नुसता बंद पडला तर नशीब. एसएमपीएस हा असा एकच भाग आहे जो मरताना बाकीच्यांना सोबत नेऊ शकतो.

आपल्या यंत्राची एकूण भूक ३०० वॉटच्या आत असते, त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा साडेपाचशे वॉटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा, पुरतो. या शिक्क्याचा अर्थ निम्म्या भारावर निदान ८५ टक्के वीज कामी येते, बाकीची उष्णता होते. ७५० वॉटचा घेऊन आपल्यासारख्याचं काही भलं होत नाही. रोज चार तास ३०० वॉटने खेळलं तर सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. महिन्याचे छत्तीस युनिट घरच्यांच्या लक्षात येतात, तेव्हा हा आकडा आधीच सांगून ठेवलेला बरा.

मुंबईची हवा हा यादीत न लिहिलेला भाग. कुलर कितीही महाग असो, तो चिपला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असेल आणि चिप तिच्यापेक्षा ४५ अंशांनी वर चालत असेल, तर ७८ झाले. म्हणून पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट पुढून बंद काच असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा आपल्याकडे बरं. दमटपणाची भीती मात्र लोक उलटी बाळगतात. पावसाळ्यात पीसी झाकून ठेवतात, ‘ओल लागेल’ म्हणून. पाण्याचे थेंब हवेपेक्षा गार वस्तूवर जमतात, आणि चालू पीसी आतून खोलीपेक्षा कायम गरम असतो. त्यात बाष्प जमणार कसं? त्रास होतो तो महिनोन्‌महिने बंद पडलेल्या यंत्राला: बोर्डवर बसलेली धूळ खारी ओल धरते आणि दोन रेषांमध्ये वीज झिरपायला वाट मिळते. तेव्हा जुलैत खेळा. हे वाक्य आईला दाखवलं तरी माझी हरकत नाही. तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट तेवढं जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

वापरलेलं कार्ड घ्यावं का? २०२० ते २०२२ या काळात कार्डांचे भाव गगनाला भिडले, कारण लोक त्यांवर इथेरियम हे चलन खणत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, खाणकाम एका दिवसात निरुपयोगी झालं आणि जगभर वापरलेल्या कार्डांचा पूर आला. अशा कार्डाची चिप सहसा शाबूत असते; झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे पॅड. म्हणून नुसतं विंडोज सुरू होताना पाहून पैसे देऊ नयेत. अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगावं, तापमान बघावं, पंख्याला कान लावावा, पडद्यावर रंगीत ठिगळं येतात का बघावं. आणि नवं घेताना पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्याची वॉरंटीही चिठ्ठीइतकीच टिकते.

आणि हे सगळं घ्यायचं कुठून? १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं, इलेक्ट्रॉनिक्स माल परदेशी पाठवायला. उपनगरातून माल परदेशी जाऊ लागला तरी उपनगरातल्या गिऱ्हाइकाला सुट्या भागांसाठी आजही लॅमिंग्टन रोडच गाठावा लागतो, किंवा मग ऑनलाइन. मी प्रत्यक्ष जाण्याच्या बाजूचा आहे, भाव करता येतो म्हणून. फक्त परतीची गाडी संध्याकाळी सहाची धरू नये. कॅबिनेटचं खोकं डब्यात शिरतं, पण ते कुठे उतरेल ते आपल्या हातात राहत नाही.

रॅमच्या भावाबद्दल मात्र भाव करूनही फारसं हाती लागत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात ते भडकले आणि कारण होतं एआयची डेटा सेंटर. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मेमरी मोठ्या गिऱ्हाइकांना विकणं जास्त फायद्याचं. मुलुंडहून पूल ओलांडून ऐरोलीला उतरलं की रबाळे, महापेपर्यंत अशा डेटा सेंटरच्या इमारती दिसतात. आठ जीबीच्या दोन पट्ट्यांसाठी पैसे जमवणाऱ्या पोराची स्पर्धा आता जगभरच्या अशा इमारतींशी आहे. जुन्या पीसीतली डीडीआर४ असेल तर ती फेकू नका आणि तिच्याभोवतीच यादी बांधा, एवढाच उपाय मला दिसतो.

सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. इथे नव्या माणसाच्या छातीत धस्स होतं. डीडीआर५ च्या यंत्रात तर मिनिट, दोन मिनिटं असं चालतं. त्या वेळात मदरबोर्ड रॅमकडे जाणाऱ्या तारा तपासत असतो: ठरलेला संदेश पाठवायचा, परत वाचायचा, कोणत्या तारेतून तो किती उशिरा येतो ते मोजायचं, आणि प्रत्येकीचं वेळापत्रक त्याप्रमाणे पुढे-मागे सरकवायचं. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचेही तुकडे करून. तुमच्या बोर्डवरच्या, तुमच्याच पट्ट्यांसाठी. मध्येच घाबरून बटण दाबलं तर ते काम पुन्हा पहिल्यापासून. थांबा. नंतर बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा त्याहून कमी वेगानेच चालत राहते. आणि पाच मिनिटांनीही पडदा काळाच असेल, तर दुकानदाराला फोन लावण्याआधी मागे वाकून बघा: मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाला लावायची असते, आणि ती हमखास मदरबोर्डला लावलेली सापडते.